पुरात बुडणारी बाग



पत्रिकेवर आजचा विषय छापला आहे ‘नदीकाठचं उद्यान आणि त्याचा इतिहास’. ती वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मनात म्हटलं असेल, कुठलं उद्यान? रास्त शंका आहे. औद्योगिक नगरी म्हणून मिरवणाऱ्या शहराला शोभेल असं नदीकाठचं मोठं सार्वजनिक उद्यान चिखलीला नाही. पण या न झालेल्या बागेला इतिहास मात्र आहे, आणि त्यात एक ठसठशीत तारीखसुद्धा आहे: १७ मे २०२५. त्या दिवशी याच गावच्या हद्दीत, इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडले. तिथपर्यंत मी येणारच आहे. आधी नदीकडे जाऊ.

इंद्रायणी निघते लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या डोंगरात. निघाल्या निघाल्या वळवणला टाटांच्या धरणानं तिला अडवलं, आणि तिथलं पाणी घाट उतरून खोपोलीला वीज करायला जातं. पूर्वेला निघालेल्या नदीचं काही पाणी शंभरहून अधिक वर्षं असं पश्चिमेला जातंय. उरलेली नदी कामशेत, तळेगावच्या कडेनं, कुंडमळ्याचा कातळ कापत देहूला येते. मग तळवडे, चिखली, मोशी, आळंदी, आणि शेवटी तुळापूरला भीमेत मिळते. वर तुकोबा, खाली ज्ञानोबा, मधे आपण. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांमधले मल्हारपंत कुलकर्णी इथले. त्या परंपरेनं गावाला टाळगाव चिखली म्हणतात, आणि महापालिकेनं संतपीठही इथंच उभारलं. गाथा बुडाली आणि तरली ती याच पाण्यात, आपल्यापासून थोडी वर. आता हे सगळं भाषणात म्हणायला फार सोपं असतं. इंद्रायणीचं नाव घेतलं की आपले डोळे आपोआप मिटतात. माझी विनंती आहे की आजच्यापुरते ते उघडे ठेवावेत.

नदीचा काठ पूर्वी कसा होता, हे सांगताना आपली एक ठरलेली चाल असते. स्वच्छ पाणी, गुरं, धुणं, पोहणारी पोरं, बैलपोळ्याच्या बैलांच्या आंघोळी. खोटं नाही ते. काठाला कुंपण नव्हतं, पण काठ बेवारसही नव्हता. पिण्याचं पाणी वर, धुणं त्याच्या खाली, गुरं आणखी खाली, दहाव्याचं वेगळं ठिकाण, हे कोणी फलक लावून शिकवलेलं नव्हतं. पण याच व्यवस्थेत कोणी कुठं घागर बुडवायची हेही ठरलेलं होतं, आणि ते जातीनं ठरलेलं होतं. महाराष्ट्रात ‘पाण्याचा काठ सार्वजनिक आहे’ ही गोष्ट काही बागकाम खात्यानं सांगितली नाही. महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ साली केला, तो कागदावरच राहिला. मग २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. पुढं कज्जा चालला, उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. सार्वजनिक उद्यानाचा आपला खरा पाया मी तिथं धरतो. बाकावर बसणाऱ्याला ‘तू कोण?’ असं विचारण्याचा अधिकार कुणाला नाही, ही गोष्ट गावाच्या जुन्या पाणवठ्यावर नव्हती. ती शहरानं दिली, आणि तीही भांडून घ्यावी लागली. त्यामुळं ‘गेले ते दिवस’ म्हणून मी रडणार नाही.

दुसरी एक जागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पंढरपूरचं वाळवंट. वारकऱ्यांचं सगळ्यांत मोठं सभागृह म्हणजे चंद्रभागेचं पात्र. तिथं भिंत नाही, छप्पर नाही, कमान नाही. नदीला पाणी आलं की सभागृह बंद, पाणी उतरलं की पुन्हा उघडं. उच्च न्यायालयानं वाळवंटात तंबू-राहुट्या ठोकायला मज्जाव केला तेव्हा कुरकुर झाली. पण पलीकडं ६५ एकरांवर वारकऱ्यांची सोय झाली आणि वाळवंट मोकळं राहिलं. नदीकाठच्या मोकळ्या जागेचा इतका जुना, इतका मोठ्या गर्दीवर पारखलेला नमुना घरात असताना आपण नमुने बघायला अहमदाबादला जातो. जायला हरकत नाही. बघून यावं.

नदीकाठी सार्वजनिक बाग करायची, ही कल्पना आपल्याकडं आली ती साहेबाच्या छावणीबरोबर. पुण्याची बंडगार्डन घ्या. आधी आला बंधारा. पुणे छावणीला पाणी मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुळा-मुठेवर तो बांधला गेला, आणि त्याला मोठी देणगी दिली सर जमशेटजी जिजीभाईंनी. बंधाऱ्यामुळं पाणी तुंबलं, तुंबलेल्या पाण्याचा देखावा झाला, देखाव्याशेजारी बाग झाली. १८६७ साली फिट्झजेराल्ड पूल आला. आज बागेचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे, लोक मात्र अजून बंडगार्डनच म्हणतात. ही बाग कशी घडली ते नीट पाहिलं तर पुढचं सगळं त्यातच दिसतं: नदी वाहती असते, पण बागेला उभं पाणी लागतं. वाहत्या नदीला उन्हाळ्यात खडक दिसतात, डबकी होतात, चिखल होतो. फोटो चांगला येत नाही. म्हणून आधी अडवा, मग सजवा. पुण्यात मुठेकाठी संभाजी उद्यान झालं, तेही लोकांच्या जिव्हाळ्याचं. पण तिथून नदी दिसते किती आणि वास येतो किती, हे तिथं फिरायला जाणाऱ्यांना विचारा. जानेवारी २०१७ मध्ये तिथला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत फेकला गेला, तेव्हा कितीतरी पुणेकरांना आठवलं असेल की अरे, या बागेला नदी आहे.

साबरमतीचं मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्या पवना, इंद्रायणी आणि मुळेच्या काठांसाठी जे आराखडे झाले त्यांच्या मागं तोच नमुना आहे. अहमदाबादच्या नदीकाठाची कल्पना बर्नार्ड कोन नावाच्या वास्तुरचनाकारानं साठच्या दशकात मांडली. त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली १९९७ साली, काम सुरू झालं २००५ च्या सुमारास, आणि फिरायचा काठ लोकांना खुला झाला २०१२ साली. दोन्ही तीरांवर मिळून वीसेक किलोमीटरच्या भिंती. नदीची रुंदी कुठं जास्त, कुठं कमी असायची, ती सगळीकडं साधारण २६३ मीटर केली. भिंतीमागं जी जमीन ‘निर्माण’ झाली ती दोनशे हेक्टरांच्या आसपास. आणि पात्रात दिसणारं निळं पाणी बव्हंशी साबरमतीचं नाहीच, नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आहे. काठावरच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं हलवली गेली, बरीचशी शहराच्या टोकाला. संध्याकाळी तिथं हजारो माणसं फिरतात, आनंदानं फिरतात, हेही खरं; मी ते पाहिलं आहे आणि नाक मुरडणार नाही. पण इंद्रायणीला नर्मदा कुठून आणणार? आणि भिंत घालून नदीकडून घेतलेली जमीन पुढं कोणाला द्यायची, हा प्रश्न अहमदाबादेपेक्षा चिखलीत जास्त टोचतो. इथं गुंठ्याचा भाव प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

नाशिकनंही गोदापार्क करून पाहिला. गोदावरीच्या काठानं फरसबंदी वाट, कठडे, दिवे, हिरवळ. ऑगस्ट २०१६ च्या पुरानं त्याची पार दैना केली. त्याच नाशिकमध्ये रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावरून नाशिककर पूर ओळखतात. एवढी उघड मोजपट्टी काठावर उभी असताना दिवे आणि कठडे कोणत्या उंचीवर लावावेत, हे कुणी मारुतीला विचारायला हवं होतं.

आता चिखली.

पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली १९७० साली, महापालिका १९८२ साली, आणि चिखली महापालिकेत आली १९९७ साली, आजूबाजूच्या इतर गावांबरोबर. त्याच्या आधीच औद्योगिक पट्टा गावाच्या शिवेला भिडला होता. टेल्कोच्या वाहन-कारखान्याचं इथलं काम उभं राहत होतं तेव्हाची एक गोष्ट सांगतो. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी या उजाड माळावर कारखान्याबरोबरच झाडांची लागवड करून घेतली, तळं करून घेतलं. बाहेरचे लोक हसले असतील. यंत्रं यायची आहेत आणि हा माणूस रोपं लावतो. पुढं त्या पाण्यावर पक्षी येऊ लागले. म्हणजे आपल्या शेजारी, याच मातीत, पाण्याकाठचं रान कसं उभं करायचं याचा धडा कोणीतरी पन्नासएक वर्षांपूर्वी गिरवून ठेवला आहे. अडचण एवढीच की तो फाटकाच्या आत आहे. फाटकाबाहेर त्याच काळात काय झालं? माळाची कुदळवाडी झाली, भंगाराची दुकानं, गोदामं, पत्र्याचे शेड. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली. कारवाई बरोबर की चूक, यावर तुमच्यात दोन मतं आहेत आणि आज मला त्यात पडायचं नाही. पण शहरभरचं लोखंड, प्लास्टिक, रद्दी वेगळं करणारी ती माणसं कुठं गेली, याची चौकशी आपण फारशी केली नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

कुदळवाडी पडली फेब्रुवारीत आणि नदीकाठचे बंगले पडले मे महिन्यात. त्याच मे महिन्यात चिखली आणि चऱ्होलीच्या नगररचना योजनांविरुद्ध भूमिपुत्र उठले आणि त्या मागं घ्याव्या लागल्या. एका गावानं चार महिन्यांत जमिनीबद्दल इतकं पाहिलं.

निळी रेषा हा शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पण ती रेषा काय आहे हे विचारलं तर लोक म्हणतात, ‘पाणी तिथपर्यंत येतं म्हणे.’ ते थोडं उलगडून सांगतो. पाटबंधारे खातं, म्हणजे आताचं जलसंपदा खातं, नदीचा हिशेब करून दोन रेषा काढतं. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर चढेल ती निळी. शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल हा नियंत्रित. नियम नवा नाही, १९८९ पासून परिपत्रकात आहे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, परवा तर पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निर्धास्त. तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका पावसाळ्यात तो पूर येण्याची शक्यता शंभरात चार. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. आता घराचं कर्ज वीस वर्षांचं धरा. वीस पावसाळ्यांत निदान एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता निघते शंभरात छप्पन्न. म्हणजे निळ्या रेषेच्या काठोकाठ कर्ज काढून घर घेतलं, तर हप्ते फिटायच्या आत पाणी उंबऱ्याला लागण्याचीच शक्यता जास्त. रेषेच्या आत, खाली, त्याहून कितीतरी जास्त. हा हिशेब सहावी-सातवीच्या मुलाला मांडता येतो. बँकेत, नोंदणीच्या कार्यालयात, प्लॉट दाखवायला नेणाऱ्या गाडीत, कुठंही तो मांडला जात नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं जुलै २०२४ मध्ये त्या ३६ बंगल्यांबाबत निकाल दिला: पाडा, जागा पूर्ववत करा, आणि पर्यावरणाच्या नुकसानीपोटी पाच कोटी वसूल करा. सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. २०२५ च्या मे महिन्यात जेसीबी आले. टीव्हीवर बातमी आली तेव्हा काही लोक म्हणाले, बरं झालं, नदीत घरं बांधतात म्हणजे काय! काही म्हणाले, बिचाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे आपल्याला जरा जड जातं. ज्यानं घर बांधलं त्यानं रेषा ओलांडली हे न्यायालयानं ठरवलं आहे, त्यावर मी बोलणं अप्रस्तुत. पण रेषा कागदावर आणि प्लॉट जमिनीवर, ही गंमत कोणाच्या सोयीची होती? जमिनीचे तुकडे पडत असताना, भराव टाकून उतार सपाट होत असताना, एकेका हायवानं राडारोडा येऊन पडत असताना, आपण सगळे त्याच रस्त्यानं जात-येत होतो. मीही.

आणि आता मुद्द्याचं. त्याच १९८९ च्या परिपत्रकात निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीचं काय करावं हेही सुचवलेलं आहे: बागा, क्रीडांगणं, मोकळी मैदानं, हलकी पिकं. म्हणजे तुमच्या नदीकाठच्या उद्यानाची हद्द तीन दशकांहून जुन्या सरकारी कागदावरच ठरून गेली आहे. त्यासाठी ना नवी भिंत लागत, ना ‘निर्माण केलेली’ जमीन. सीमा पाण्यानंच आखून दिली आहे. चिखलीतल्या बागेचा इतिहास मी म्हणतो तो हाच: जी जागा बाग म्हणून मोकळी राहायची होती ती आधी गुंठ्यांनी विकली गेली, मग भरावानं वर उचलली गेली, मग घरांनी भरली, मग न्यायालयानं रिकामी केली. आज तिथं काय पाहिजे, हा प्रश्न त्या जागेला चौथ्यांदा विचारला जातोय.

माझं म्हणणं सोपं आहे. इथली बाग पुरात बुडणारीच असावी. बुडू नये म्हणून भिंत घातली, की ती पुन्हा प्लॉटच झाली. फक्त घराऐवजी कारंजं. आणि भिंतीनं इकडचं पाणी अडवलं तर ते जाणार कुठं? समोरच्या काठावर मोई गाव आहे.

बुडणारी बाग म्हणजे काय, हे प्रत्यक्ष पाहायचं तर सिंगापूरचं बिशान उद्यान पाहावं. कल्लांग नदीचा तिथं सिमेंटचा सरळ गटार-कालवा करून टाकला होता, २.७ किलोमीटरचा. त्यांनी तो फोडला. नदीला पुन्हा वळणं दिली, तीच नदी ३.२ किलोमीटरची झाली, आणि २०१२ पासून ती ६२ हेक्टरांच्या बागेतून मोकळी फिरते. पाऊस वाढला की भोंगे वाजतात, दिवे लागतात, लोक उतार चढून वर येतात आणि खालची हिरवळ नदी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवळ. आता सिंगापूरचा पैसा आणि शिस्त आपल्याकडं नाही, हे कोणीतरी म्हणणारच, मान्य. पण इथं तर सिमेंट फोडायचंही काम नाही. काढायचा आहे तो राडारोडा. भराव काढून उतार मूळच्या उंचीवर आणणं, हे या बागेचं पहिलं आणि सगळ्यांत खर्चिक काम असेल. उद्घाटनाला मात्र त्यात दाखवण्यासारखं काही नाही, म्हणूनच ते वगळलं जाण्याची मला धास्ती वाटते.

लावायचं काय? गुलमोहर आणि नारळी-पोफळी इथं आणू नका, आणि लॉन तर नकोच. काठाची झाडं ठरलेली आहेत आणि पूर त्यांच्या सवयीचा आहे: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. पाण्याच्या अगदी कडेला शेरणीची झुडपं, पाणकणीस, लव्हाळा. तुकोबांच्या अभंगातल्या लव्हाळ्याचं महत्त्व देहूच्या शेजारगावात येऊन सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल. वाळुंजाचं मात्र सांगतो, कारण तो आता पुष्कळांना ओळखताही येत नाही. पावसाळ्यात त्याचं खोड दिवसच्या दिवस पाण्यात उभं असतं. मुळांचा तांबूस झुपका काठाची माती धरून ठेवतो, पाणी उतरल्यावर त्या झुपक्यात पानं, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतात, आणि झाड जागच्या जागी. त्याची फांदी तोडून ओल्या मातीत खोचली तरी ती धरते. नदीकाठी बाग करायची म्हणून आधी असलं रान कापायचं आणि मग रोपवाटिकेतली झाडं आणायची, हा प्रकार आपल्याच शहरात वादाचा झाला आहे. पिंपळे निलखला मुळेच्या काठी लोक झाडांसाठी उभे राहिले ते उगाच नव्हे.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय बागेबद्दल बोलणं म्हणजे ताटाशिवाय वाढणं. आळंदीला नदीवर तरंगणारा पांढरा फेस तुम्ही पाहिला आहे. वारकरी त्यातच बुडी मारतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येतं, चार दिवस चर्चा होते. फेस येतो कसा? साबणाचं, डिटर्जंटचं, कारखान्यांचं, नाल्यांचं पाणी प्रक्रिया न होता नदीत उतरतं; बंधाऱ्यावरून ते खाली कोसळलं की घुसळलं जातं आणि फेसाचे डोंगर उभे राहतात. म्हणजे फेस आळंदीत दिसतो, पण तो तयार झालेला असतो वरच्या गावांत. त्या वरच्या गावांत आपण आहोत. उन्हाळ्यात पात्र झाकून टाकणारी जलपर्णीही तशीच. तिला मैल्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे मेजवानी. दर वर्षी ती काढायचं काम निघतं, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती ओढतात, काठावर ढीग पडतात, आणि नाले तसेच चालू असल्यानं पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बागेच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम नाल्यांसाठी हवी. सांडपाणी अडवून शुद्धीकरण केंद्रात नेल्याशिवाय काठावर बाक टाकले, तर त्या बाकांवर नाकाला रुमाल लावून बसावं लागेल.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून अनेकांना धक्का बसतो. आंद्रा धरणातून सोडलेलं पाणी इंद्रायणीतूनच खाली येतं, निघोजेच्या बंधाऱ्यावर ते उचलतात, चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करतात आणि शहराला देतात. म्हणजे या नदीकडं आपण पाठ केली असली तरी नळातून ती रोज घरात येते.

आता बागेत येणार कोण? आराखड्यातल्या चित्रात नेहमी टोपी घातलेले आजोबा, सायकलवरची मुलगी आणि फुगेवाला असतो. चिखलीत, मोरेवस्तीत, म्हेत्रेवस्तीत, जाधववाडीत राहणारा मोठा वर्ग खोल्या भाड्यानं घेऊन राहतो आणि पाळीवर कामाला जातो. मोईच्या पुलावरून चाकणच्या कंपन्यांकडं सकाळ-संध्याकाळ दुचाकींची रांग लागते ती त्यांचीच. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी जागा होतो. आपल्या बागा मात्र सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, आणि मधे कुलूप. म्हणजे ज्याच्याकडं दहा बाय दहाच्या खोलीत चार जण आहेत आणि ज्याला मोकळ्या जागेची सगळ्यांत जास्त गरज आहे, नेमकं त्याच्याच वेळेला फाटक बंद. काठाला फाटकच नसलं तर हा प्रश्न उरत नाही. रखवालदार हवा, दिवे हवेत, बायकांना सुरक्षित वाटेल अशी वर्दळ हवी, कुलूप नको.

माणसांना पाण्याजवळ जायचं असतं. हे थांबवता येत नाही, आणि जवळ नीट जागा नसली की लोक लांब जातात. १५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याला याच इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला आणि चार जीव गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. तरी लोक गेले, कारण पावसाळ्यातलं पाणी बघायचं होतं. त्यांना बेशिस्त म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण लाखोंच्या औद्योगिक वस्तीला पाण्याशेजारी उभं राहायला किती सुरक्षित जागा आपण दिल्या, हेही मोजायला हवं. २०११ च्या जनगणनेतच पिंपरी-चिंचवड १७ लाखांच्या पुढं गेलं होतं.

काही अगदी साध्या मागण्या आहेत माझ्या, आणि त्यांना कोट्यवधी लागत नाहीत. निळी रेषा जमिनीवर दाखवा. दर शंभर पावलांवर एक दगड, त्यावर निळा पट्टा आणि ज्या वर्षी पाणी तिथवर आलं ते साल. नाशिकच्या मारुतीसारखा. तलाठ्याच्या दप्तरातला किंवा संगणकातला नकाशा प्लॉट घेणाऱ्याला दिसत नाही, दगड दिसतो. तो कोणी रात्रीतून हलवला तर गावाला कळतं. दुसरं, पाडकामानंतर रिकाम्या झालेल्या जागेवर पुन्हा भराव पडत नाही ना, हे पाहायला पहिल्या पावसाच्या आधी आणि दसऱ्यानंतर गावानं चालत जावं. फोटो काढावेत, तारखा घालून ठेवावेत. तिसरं, पूर ओसरल्यावर बागेत गाळ येणारच. तो दर वर्षी काढायचा खर्च आणि ते काम करणारी माणसं पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात असावीत. नाहीतर पहिल्याच पुरानंतर कोणीतरी उठून म्हणेल, बघा, बाग वाहून गेली, आता भिंत बांधा.

शेवटचा अडथळा हा हद्दीचा आहे आणि तो माझ्या मते सगळ्यांत अवघड. इंद्रायणीचा या बाजूचा काठ महापालिकेचा. पलीकडं मोई, निघोजे, कुरुळी, चिंबळी. ती खेड तालुक्यातली गावं, वेगळ्या ग्रामपंचायती, वर पीएमआरडीए हे महानगर प्रदेशाचं प्राधिकरण. पात्र जलसंपदा खात्याचं, पाण्याची प्रत प्रदूषण मंडळाकडं, खाली आळंदीची नगरपरिषद. महापालिका उद्या आराखडा करील तो अर्ध्या नदीचा. इकडं झाडं लावायची आणि तिकडं भराव पडत राहायचा, किंवा उलट, असं झालं तर पूर ज्या काठाला जागा मिळेल तिकडं जाईल. त्याला तालुका कळत नाही. दोन्ही काठांच्या गावांनी मिळून एक बैठक घेतली, निळ्या रेषेचे दोन्हीकडचे नकाशे एका टेबलावर पसरले, तर माझ्या माहितीप्रमाणे त्याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. पुलापलीकडून, मोई-निघोज्याहून कोणी आलं असेल तर त्यांनी आधी बोलावं, चिखलीकरांचा नंबर नंतर लावू.